वाहिद सरांचा बिनतारी मीटर

वाहिद सर खुर्चीवर थेट असे कधी बसले नाहीत. आधी ते तिची पाठ दोन्ही हातांनी धरून तिला डावीउजवीकडे हलवीत, मग वाकून तिच्या चारही पायांची विचारपूस करीत, आणि एवढ्या चौकशीतून ती निर्दोष सुटली तरच आपले किरकोळ वजन तिच्या खात्यात हप्त्याहप्त्याने जमा करीत. खुर्ची रोजची तीच. चामोर्शीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात तिने प्राचार्यांपेक्षा अधिक वर्षे सेवा केली होती आणि आजवर कोणालाही पाडले नव्हते. परंतु काल न पाडणारी खुर्ची आजही पाडणार नाही, असे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

"भरवसा काय तिचा?" सर विचारीत.

हा प्रश्न ते खुर्चीला लावीत, चहाला लावीत, हवामानाच्या अंदाजाला लावीत. शिकवीत भौतिकशास्त्र, पण वर टाकलेली वस्तू खाली येते हा नियमसुद्धा ते "आतापर्यंत तरी असंच होत आलं" अशा बेताच्या सुरात सांगत, आणि मागच्या बाकावरची मुले वर्षभर एखादा दगड वरच अडकेल या आशेवर असत.

ते खोलीत येण्याआधी दोन वास येत: एक खसाच्या अत्तराचा, दुसरा सायकलच्या साखळीला घालतात त्या तेलाचा. पहिला वास त्यांनी निवडला होता, दुसरा वारशाने आला होता. बाजारचौकात त्यांच्या घराण्याचे सायकलचे दुकान होते आणि थोरले बंधू रफीकभाई ते चालवीत. रबर चिकटवण्याच्या द्रावणाच्या गोडसर, डोके जड करणाऱ्या वासात सरांचे बालपण गेले होते. विजार साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पायाला लावलेली लोखंडी क्लिप ते वर्गातही काढीत नसत. फळ्यापाशी उभे राहिले की एक विजार आखूड आणि एक लांब अशी त्यांची मूर्ती दिसे. अर्धा माणूस शिकवतो आहे आणि अर्धा निघण्याच्या तयारीत आहे, अशी.

पारखून घेण्याच्या या गुणामुळे अख्खे गाव त्यांना सल्ला विचारीत असे, यात माझाही समावेश आहे. मिक्सर कोणता घ्यावा, एवढेच मी त्यांना विचारले होते. त्यावर मला उलट विचारण्यात आले की चटणी ओली वाटणार की कोरडी, घरात विजेचा दाब कमी झाला की दिवा पिवळा होतो की तांबूस, आणि वाटताना माझा स्वभाव घाईचा असतो का. निर्णय येईपर्यंत मी पाट्यावर वाटत राहिले. मनगटे कुस्तीगिराची झाली. अखेर सर आले ते प्रसन्न मुद्रेने. ज्या मिक्सरवर माझा डोळा होता, तो बनवणारी कंपनीच बंद पडली होती.

"पाह्यलं, बाई? घेतला असता त फसल्या असत्या."

त्यांच्या घरी मी हे सांगितले तेव्हा त्यांच्या पत्नी शमीमभाभी जिऱ्याच्या फोडणीआडून हसल्या. "मले पाहाले दोनदा आले हे. तिसऱ्यांदा येतो म्हनले, त माह्या अब्बानं निरोप धाडला, का बाबा, हे घर होय, दुकान नोहे."

"मंग?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

"मंग काय. घाबरून हो म्हनले. अजूनबी कधी कधी असे पाह्यतेत, जसं पावती हरपली."

अशा या माणसाच्या आयुष्यात एका हिवाळ्यात रंजना कोवे आली, आणि तीही मागून येऊन पुढे निघून गेली.

त्या दिवशी सर धापा टाकत शिक्षक-खोलीत शिरले आणि खुर्ची न तपासता तिच्यावर बसले. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. काही तरी भयंकर घडल्याशिवाय असे होणे शक्य नव्हते.

"एक पोरगी मले मागं टाकून गेली," ते म्हणाले. "कॅरियरवर तनसाची पेंडी होती. अन ते गानं म्हनत होती."

रंजना अकरावीत होती. पुलापलीकडे जंगलाच्या कडेने आत गेलेल्या एका गावातून, काकाच्या लोखंडी, बैलासारख्या जड सायकलवरून ती रोज येई. सर स्वतः रोज सायकल चालवणारे. त्यांना मागे टाकायला चामोर्शीत फक्त एस.टी. असे, आणि तीही उतारावर. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळले की नागपूरला खेळाडू मुलींचे एक वसतिगृह आहे, तिथे सायकलच्या शर्यतीसाठी उन्हाळ्यात निवड होते, आणि निवड झालेल्या मुलीचे राहणे, जेवणे, पुढचे शिक्षण तिथेच होते. बारावीनंतर रंजनापुढे काय होते, हे तिला विचारले तर ती खांदे उडवून म्हणे, "काई नाई जी. धान होये." म्हणजे ही सायकल तिला नागपूरपर्यंत नेणार होती, किंवा धानाच्या बांधीत चिखलापर्यंत.

फक्त एक अट होती. अर्जात वीस किलोमीटरला लागणारी वेळ भरायची, ती ठरावीक मर्यादेच्या आत हवी, आणि ती खरी असल्याची सही तिच्या शिक्षकाने करायची. इतर कोणत्याही शिक्षकाने ही सही चहा थंड होण्याआधी केली असती. वाणिज्य शिकवणारे आमचे बोरकुटे सर, जे विम्याचे हप्तेही गोळा करीत, त्यांनी तर वेळ सुचवलीसुद्धा.

"टाका एखादी, अन करा सही. सारे हेच करतेत."

"मोजल्याबिगर?" वाहिद सरांचा चेहरा उतरला. "मंग माह्या सहीचा भरवसा काय?"

आणि मोजायचे कशाने, हा प्रश्न उभा राहिला. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड होते, पण रुंदीकरणानंतर ते ठेकेदाराच्या सोयीने पुन्हा रोवले गेले होते. एक चहाच्या टपरीपुढे बाक म्हणून कामाला लागला होता. एक मोहाखाली गेला होता आणि त्याला शेंदूर लागून त्याची पूजा चालू होती. देवाला अंतर विचारण्याची हिंमत कोण करणार. रफीकभाईंनी दुकानातला अंतर मोजणारा तारेचा मीटर रंजनाच्या सायकलला बसवून दिला, तर दुसऱ्याच दिवशी वाटेवरच्या बोराटीने त्याची तार ओढून काढली. तेव्हा सरांनी जाहीर केले की मीटर हवा तो बिनतारीच. आणि तो निवडण्याची जबाबदारी, दुर्दैवाने, त्यांनी स्वतःकडे घेतली.

धान मळून झाले. बांधांवर लाखोळीची निळी फुले आली, इतकी नाजूक की वाऱ्याऐवजी नुसत्या नजरेनेही हलावीत. त्या निळ्या दिवसांत सरांच्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग वाढू लागला. नागपूरला त्यांचा भाचा नदीम खेळाच्या सामानाच्या दुकानात होता. तो पत्रके धाडी. जपानी, जर्मन, तैवानी. कागदाला परदेशी शाईचा वास येई आणि त्यावरच्या सायकलस्वार स्त्रिया बर्फाळ डोंगरातून विनाकारण हसत जात. सर त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता खालचा बारीक मजकूर वाचीत. पाऊस लागला तर? दव पडले तर? बटण-सेल संपला तर चामोर्शीत मिळेल का? घड्याळजींकडे मिळतो, पण घड्याळजी कुठे गेले तर?

"सर," बोरकुटे म्हणाले, "मीटर घेऊन राह्यले का सून पाहून राह्यले?"

"सून चुकली त बोलून दाखवते," सर शांतपणे म्हणाले. "मीटर गुपचूप चुकते."

रंजना दर सोमवारी खोलीच्या दाराशी येई. अंगठ्याने चौकट कुरतडत विचारी, "सर, मीटर आला का जी?"

"पाहून राह्यलो."

एका सोमवारी ती म्हणाली, "मंग तवर मी हळू चालवू का जी? मीटर येयेवरी?"

सगळी खोली हसली. सरांनी मात्र प्रश्न गांभीर्याने घेतला आणि सांगितले की नाही, जोरातच चालव, निरीक्षणासाठी वस्तू असावी लागते.

अखेर नदीमने पसंतीच्या बोलीवर एक मीटर पाठवला. आगपेटीएवढा राखाडी डबा हँडलवर बसे. पुढचे चाक धरणाऱ्या काट्यावर एक छोटी कांडी. चाकाच्या आरीवर एक चुंबक. चुंबक कांडीजवळून गेला की कांडी डब्याला सांगे, एक फेरा झाला. दोघांत तार नाही. हातभर अंतरावरच्या दोन जिवांची ती कुजबुज होती, असे मला वाटले; सरांना वाटले की एवढ्या हळू बोलणाऱ्यांचे काही खरे नाही.

त्याच सुमारास चंद्रपूरला आम्हा शिक्षकांचे प्रशिक्षण निघाले. विषय होता 'अध्यापनातील गतिमानता'. सरांनी सायकल एस.टी.च्या टपावर चढवली, कारण मीटरची परीक्षा परक्या गावातही व्हायला हवी होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघे गावाबाहेर आलो. हवेत कोळशाची चव होती, दातांखाली बारीक कुरकुरणारी. वीजकेंद्राकडून निघालेल्या तारा लोखंडी मनोऱ्यांवरून शहर ओलांडून जात होत्या आणि त्यांच्याखाली सतत एक गुणगुण होती, बंद खोलीत भुंगा सापडल्यासारखी. सर सायकलवरून उतरून उभे राहिले आणि डब्याकडे पाहातच राहिले.

"बाई, मी चालून राह्यलो का?"

"नाही."

"चाक फिरून राह्यलं?"

"नाही."

"मंग हे वाचा."

डब्यावर त्रेसष्ट हा आकडा होता. वाहिद सर, एक पाय जमिनीवर आणि एक विजार आखूड, ताशी त्रेसष्ट किलोमीटर वेगाने जागच्या जागी उभे होते. वरच्या तारांच्या गोंगाटात डब्याला भलतेच ऐकू येत होते. दुपारच्या सत्राचा अहवालही आम्हा सर्वांच्या गतीविषयी असेच काही सांगणार होता. पण ते बोलून मी त्यांच्या दुःखात भर घातली नाही.

"नापास," सर म्हणाले. तरीही मीटर त्यांनी परत धाडला नाही, शमीमभाभींच्या कपाटात ठेवला. नापास झालेल्याला लगेच घरी पाठवायचे नसते, असे त्यांचे म्हणणे.

दुसरा मीटर आला तो अधिक प्रतिष्ठित होता. त्याच्या पत्रकातली बाई तर हसतही नव्हती. हा तारांखाली चुकला नाही. म्हणून सरांनी त्याच्यासाठी अधिक कठीण परीक्षा शोधली. बारावीच्या परीक्षेला त्यांची नेमणूक एटापल्लीला झाली. तिकडच्या डोंगरात लोखंडाचा दगड आहे, आणि जिथे डोंगरच लोखंडाचा तिथे बिचाऱ्या चुंबकाची निष्ठा किती टिकेल, हे सरांना पाहायचे होते. त्या काळात त्या भागात, हँडलवर विजेचा डबा लावून, एकाच डोंगराखाली येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला पोलीस आणि नक्षलवादी अशा दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारले जाण्याची दाट शक्यता होती. सरांच्या सुदैवाने त्यांना फक्त एक म्हातारा भेटला, खांद्यावर कुऱ्हाड आणि कानात विडी खोचलेला. तो बराच वेळ पाहात होता.

"का हरपलं जी, गुरुजी?"

"काई नाई हरपलं, बाबा. चालते का, पाहून राह्यलो."

म्हाताऱ्याने रस्ता पाहिला, सायकल पाहिली. "तुमीच त चालून राह्यले," तो म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला.

ही गोष्ट सरांनी स्वतःच मला सांगितली, आणि त्यात हसण्यासारखे काय आहे ते शेवटपर्यंत त्यांच्या ध्यानात आले नाही.

"मग मीटर?" मी विचारले.

"वापस धाडला."

"चुकला?"

"कुठीच नाई चुकला. एकदाबी नाई."

"मग उत्तमच झाले की."

"उत्तम?" ते माझ्याकडे अशा करुणेने पाहू लागले, जशी ते एरवी केवळ बोरकुट्यांसाठी राखून ठेवीत. "ज्याची चूकच सापडत नाई त्याचा भरवसा काय, बाई? कुठी चुकते हे त मालूम पाह्यजे."

असा हा निर्दोष मीटर निर्दोषपणाच्या आरोपावरून नागपूरला परत गेला. अर्जाची मुदत मात्र तिथून निघून चामोर्शीच्या दिशेने येत होती, आणि तिचा वेग कोणत्याही मीटरशिवाय कळत होता.

तेव्हा सरांनी यंत्रांचा नाद सोडून शास्त्राचा धरला. रंजनाच्या गावाकडचा जंगलातला रस्ता आपण स्वतःच मोजावा, असे त्यांनी ठरवले. एका रविवारी ते सायकल हातात धरून, आरीला लाल चिंधी बांधून, चाकाचे फेरे मोजत पायी निघाले. आणि ठरावीक अंतर झाले की रस्त्याकडेच्या झाडाला चुन्याचा एक पांढराशुभ्र पट्टा ओढीत गेले. सुबक, सरळ, वहीत समास आखावा तसा. परतताना ते फार समाधानी होते. चामोर्शी तालुक्यातला तो पहिला खरा रस्ता होता, असे त्यांनी मला सांगितले.

दोन दिवसांनी आठवडी बाजार होता. डोक्यावर रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दहाबारा बाया बाजारात न जाता सरळ कॉलेजच्या व्हरांड्यात आल्या. त्यांच्या लुगड्यांना मोहफुलांचा आंबूस, जड, झोप आणणारा वास होता. त्या वासाने व्हरांडा क्षणात जंगल झाला. सगळ्यांत पुढे रंजनाची आत्या होती, सोनाबाई.

"झाडाले चुना कोन लावला?"

"मी," वाहिद सर पुढे आले.

"कापाची हायत का?"

"नाई, नाई. मोजाचं होतं."

"झाडं मोजून का करता? आमची मोजलेलीच हायत. कोनत्या घराचा कोनता मोहा, लहान पोरगं सांगते."

"झाडं नाई, बाई, रस्ता मोजाचा होता."

"मंग रस्त्याले लावाचा चुना," मागून एक म्हणाली.

सोनाबाईने हात वर केला. "आयका, गुरुजी. पह्यले मानूस येते, झाडाले पट्टा मारते, बोलते का काई नाई, मोजून राह्यलो. मंग एक दिस ट्रक येते. आमी हे पाह्यलं हाये. तुमी चांगले हा, म्हन्ते रंजी. राहा चांगले. पन पट्टा मिटे तवर पोरगी सायकलीवर बसनार नाई."

मला वाटले, आता सर त्यांना मोजमापाचे प्रकार आणि चुन्याचे रसायन समजावतील.  पण ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक वस्तूला भरवसा विचारला, त्याला प्रथमच कोणीतरी तोच प्रश्न विचारला होता. आणि त्याच्यापाशी दाखवायला काही नव्हते. त्यांनी वाकून पायाची क्लिप घट्ट केली.

पुढचे काही दिवस कॉलेज सुटल्यावर चामोर्शीचे भौतिकशास्त्र नारळाच्या शेंड्या आणि पाण्याची बादली घेऊन जंगलात झाडे घासत होते. चुना सालीच्या भेगांत गेला होता. मोहाची साल ती, खडबडीत, मगरीच्या पाठीसारखी. आणि बाया परीक्षक. फुले वेचता वेचता त्या एकेका झाडाशी येत, बोट फिरवीत, बोट नाकाशी नेत आणि म्हणत, "अजून हाये, जी." सर पुन्हा घाशीत. इतकी न्याय्य आणि इतकी निर्दय तपासणी त्यांनी खुर्चीचीही कधी केली नसेल. शेवटचे झाड पास झाले तेव्हा सोनाबाईने पदरातली मूठभर फुले त्यांच्या ओंजळीत टाकली. त्यांनी ती नाकाशी नेली. आणि सवयीने, बी-देठ तपासू लागले.

"खा जी, विष नोहे," सोनाबाई म्हणाली.

रंजना सायकलवर बसली. पण रस्ता पुन्हा बिनमापाचा झाला होता आणि अर्ज कोराच.  शेवटी बोरकुट्यांनाच राहवले नाही.

"सर, तुमचा थो पह्यला मीटर तारीखालीच बिघडते ना? मंग रंजीच्या गावाकडं कोनती तार हाये? सरकारनं तुमच्याच मीटरसाठी तिकडं लाईट नाई पोचोला, असं समजा अन बसवा."

ते चेष्टा करीत होते. सर मात्र खुर्चीवरून उठले, काही क्षण भिंतीवरच्या बंद पंख्याकडे पाहात राहिले, आणि खिडकीतूनच सायकलवर उडी घेतील असे वाटावे इतक्या वेगाने दारातून निघून गेले. ज्याची चूक कुठे होते हे पक्के माहीत आहे, असा जगातला एकमेव मीटर शमीमभाभींच्या कपाटात, लोकरीच्या शालीखाली पडून होता.

त्यांनी मीटर बसवला तो असा, की पुन्हा निघू नये. कांडी आणि चुंबक तांब्याच्या बारीक तारेने आवळून टाकले. रफीकभाई म्हणाले, सायकल मोडेल पण हे सुटणार नाही. चाकाचा घेर मोजताना रंजनाला दप्तरासकट वर बसवले, कारण वजनाने रबर दबते. मग सगळी वाट ते पायी चालले, मान वर करून, एखादी तार चुकून तर नाही ना, हे पाहात. गावातल्या एका म्हातारीने त्यांना अडवून आशेने विचारले, "लाईन येऊन राह्यली का जी?" त्या गावात वर पाहात चालणारी माणसे फक्त निवडणुकीआधी येत.

"नाई, आजी," सर म्हणाले, "या महिन्यात नाई आली त बरं होईन." एवढे खरे उत्तर तिला त्या विषयावर प्रथमच मिळाले असावे.

चैत्रातल्या त्या सकाळी मीही गेले होते. झाडांखाली मोहफुले पडून होती, फिकट, ओली, रात्रीने मोजून ठेवल्यासारखी. बाया वाकून वेचत होत्या. रंजना सुटली, आणि तिच्या त्या बैलासारख्या सायकलचा आवाजच बदलला. वाळल्या पानांतून तो आवाज दूर गेला, वळला, पुन्हा मोठा होत आला, पुन्हा गेला. सर हातात प्रयोगशाळेचे घड्याळ धरून उभे होते आणि ओठांनी काही तरी पुटपुटत होते. माझ्या अंदाजाने ते गणित नव्हते. ती शेवटी येऊन थांबली तेव्हा डब्यावर वीस किलोमीटर आणि वर थोडी चिल्लर होती. वेळ अटीपेक्षा कितीतरी कमी.

"झालं का जी?" तिने घाम पुसत विचारले.

"उद्या पुन्हा."

"काऊन?"

"एकदा त बंद घड्याळबी बरोबर दाखवते."

ती तीन सकाळी अशी सुटली. सरांनी तिन्ही वेळांपैकी सगळ्यांत संथ वेळ अर्जात भरली, अक्षरात आणि अंकात, आणि खाली सही केली. सहीची शाई वाळेपर्यंत अर्ज कोणाला दिला नाही. त्याच दुपारी तो रजिस्टर पोस्टाने गेला. पोस्टावर भरवसा ठेवणे भाग होते.

नागपूरच्या मैदानावर रंजनाने स्वतःची अर्जातली वेळ खोटी पाडली, बरीच. निवडकर्त्यांपैकी एकाने म्हणे विचारले, तुझे सर इतके घाबरट का? ती म्हणाली, "घाबरट नाई जी. पारखून घेतेत." हे तिने मला सांगितले. सरांना सांगितले नाही, हे तिने चांगले केले.

शाळा उघडायच्या सुमारास ती वसतिगृहात जायला निघाली. एस.टी.च्या टपावर सायकल दोरीने आवळली होती. सोनाबाई आली होती, पिशवीत वाळवलेला मोह आणि हिरव्या मिरच्या. रंजना मीटर परत करायला म्हणून टपावर चढली. राखाडी डबा तेवढा हातात आला. कांडी आणि चुंबक तांब्याच्या तारेत असे बसले होते की सुटेनात.

"राहू दे," खालून सर म्हणाले. "तुले लागन."

"तिथं नवा देनार हायत म्हन्ते, सर. नवी सायकलबी."

"भरवसा काय त्याचा?"

ती हसली, खाली उतरली, आणि डबा त्यांच्या तळहातावर ठेवला. "मंग असं करा जी. चुंबक मी नेतो, डबा तुमच्यापाशी राहू द्या." कंडक्टरने घंटी दिली. सर डबा हातात घेऊन उभे राहिले. तो हातभर अंतरापलीकडचे काही ऐकत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. तरी बस पुलापर्यंत जाईतो ते त्याच्याकडे पाहात होते. त्यावर शून्य होते.

पुढे माझी बदली मूल या गावी झाली. सामान आधीच गेले होते. मी सकाळच्या बसने निघाले. गावाबाहेर वीज उपकेंद्र आहे, तिथे म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता आणि बस थांबली. खिडकीतून मला आधी ती गुणगुण ऐकू आली, मग खसाचा वास, आणि मग सर दिसले. उपकेंद्रातून निघणाऱ्या जाड तारांखाली, सायकल स्टँडवर लावून, एक विजार आखूड, ते तळहातावर काही तरी धरून वाकून पाहात होते. एखादा माणूस हातावरच्या रेषा पाहातो, तसे.

"सर," मी खिडकीतून हाक मारली.

त्यांनी दचकून वर पाहिले. मग लपवण्यात अर्थ नाही असे पाहून डबा माझ्याकडे वळवला. त्यावर अठ्ठेचाळीस होते; पाहाता पाहाता पन्नास झाले.

"आज पोरगी चांगली चालून राह्यली," ते म्हणाले.

म्हशी संपत आल्या होत्या. ड्रायव्हरने गिअर टाकला. इतक्या वर्षांत जे मी कधी केले नव्हते ते केले. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"भरवसा काय त्याचा, सर?"

त्यांनी वर मान करून तारा पाहिल्या, आणि डबा छातीशी धरून अर्धे पाऊल मागे सरकले. तारेच्या आणखी खाली.